अजान आणि ढोल



शुक्रवारी दुपारी एखाद्या गावच्या पेठेतून जाताना आपण हे पाहिले असेल. एरवी दिवसभर उघडे असणारे सायकल दुरुस्तीचे किंवा बांगड्यांचे दुकान. त्याचे शटर अर्धे खाली ओढलेले. फळांच्या हातगाडीवर गोणपाट टाकलेले. शेजारचा दुकानदार सांगतो, "नमाजला गेलाय, येईल अर्ध्या-पाऊण तासात." आणि खरोखरच पाऊण तासाने तो माणूस परत येतो, गोणपाट काढतो आणि तराजू हातात घेतो. मनात सहज प्रश्न येतो. हा जर त्यांचा पवित्र वार, तर दुकान दिवसभर बंद का नाही? आणि दुकान लगेच उघडायचेच होते, तर ऐन गिऱ्हाइकीत उठून जायचे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर कुरआनातील एका लहानशा अध्यायात आहे. अध्यायाला तेथे सूरह म्हणतात आणि तिच्यातील वचनाला आयत. ही ६२वी सूरह. नाव अल्-जुमुआ, म्हणजे शुक्रवार, एकत्र जमण्याचा दिवस. आयती अवघ्या ११. हे घर आपल्याला अगदीच परके आहे असे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांना, 'योगसंग्राम'कारांना, आपण संतमंडळींत मानतो. 'गीताई' लिहिणाऱ्या विनोबांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले आणि त्यातून निवडून 'कुरान-सार' सिद्ध केले. त्या वाटेने आपणही या ११ आयतींच्या दारात थोडे उभे राहू. कारण या सूरहने विचारलेला प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर रोज येतो. पोटाची हाक आणि देवाची हाक एकाच वेळी आली, तर माणसाने कोणाकडे जावे? आणि पोटाकडे गेला, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

आधी पार्श्वभूमी पाहू. पैगंबर मुहम्मद मक्केत होते, तोवर त्यांच्या मूठभर अनुयायांना उघडपणे एकत्र जमून उपासना करणे शक्यच नव्हते. मक्केच्या उत्तरेला, उंटाच्या चालीने कित्येक दिवसांच्या अंतरावर, यसरिब नावाचे खजुरीच्या बागांचे गाव होते. तेथील काही जणांनी हा मार्ग स्वीकारला होता. पैगंबर तेथे पोचण्याआधीच असद इब्न झुरारा या गृहस्थांनी गावाबाहेरच्या काळ्या दगडांच्या माळावर माणसे जमवली आणि शुक्रवारची सामुदायिक नमाज घडवली. माणसे होती चाळीस. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात या प्रसंगाची आठवण मोठ्या हृद्य रीतीने आली आहे. काब इब्न मालिक हे पैगंबरांचे सोबती म्हातारपणी आंधळे झाले होते. मुलगा त्यांचा हात धरून त्यांना नेत असे. शुक्रवारची अजान कानी पडली की दर वेळी ते असद यांच्यासाठी देवाकडे दया मागत. मुलाने एकदा विचारले, "बाबा, अजान ऐकली की असदचीच आठवण का येते?" तेव्हा म्हाताऱ्याने माळावरची ती गोष्ट सांगितली. असद स्वतः पुढे फार जगले नाहीत. मदिनेतील मशिदीचे बांधकाम चालू होते तेव्हाच वारले. ज्याने पहिल्यांदा माणसे जमवली त्याला पुढची गर्दी पाहायला मिळाली नाही, पण एका आंधळ्या म्हाताऱ्याने त्याचे ऋण दर आठवड्याला फेडले.

इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून यसरिबला आले. तेच पुढे मदिना झाले. वेशीवरच्या कुबा वस्तीत काही दिवस राहून ते गावात निघाले, तो शुक्रवार होता. वाटेत बनू सालिम इब्न औफ या कुळाच्या वस्तीत दुपार झाली, आणि तेथेच त्यांनी शुक्रवारची पहिली नमाज पढवली. त्या जागी आजही जुम्याची मशीद म्हणून मशीद उभी आहे.

शुक्रवारच का, असे आपण विचाराल. अरबांत या दिवसाचे जुने नाव 'अरूबा' असे होते. शनिवारच्या ज्यू विश्रांतिदिनाची, शब्बाथची, पूर्वसंध्या असा अर्थ असलेल्या अरामी शब्दाशी त्याचे नाते आहे. मदिनेत ज्यू कुळे मोठ्या संख्येने होती. शनिवारी त्यांचे सारे व्यवहार बंद, तेव्हा लागणारा माल शुक्रवारीच भरून ठेवायचा. यावरून गोइताइन या इतिहासकाराने असे मत मांडले की शुक्रवार हा मदिनेत बाजाराचा दिवस असला पाहिजे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसे त्या दिवशी गावात येत, म्हणून सर्वांना एकत्र जमवायला तोच दिवस सोयीचा. मला हे मत पटते. आठवडी बाजार ज्याने पाहिला आहे त्याला ते पटायला वेळ लागणार नाही. माणसे जेथे आपल्या पायांनी आलेली असतात तेथेच हाक मारावी लागते. पण मग हेही ओघानेच आले की ही उपासना जन्मापासूनच बाजाराच्या शेजारी राहायला आली. दोघांच्या भिंती एकमेकांना लागून. तंटा होणारच होता. तो झालाही.

ती घटना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत जाबिर या सोबत्याच्या तोंडून आली आहे. भाष्यकारांनी तिला आणखी तपशील जोडले आहेत. मदिनेत त्या दिवसांत टंचाई होती, धान्य महाग झाले होते. शुक्रवारची दुपार. खजुराच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचे छप्पर असलेली साधी मशीद. पैगंबर उभे राहून प्रवचन करीत आहेत. या प्रवचनाला खुतबा म्हणतात. इतक्यात शामकडून, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूने, खाद्यान्नाने लादलेला तांडा गावात शिरला. काही कथनांत तो दिह्या अल्-कल्बी यांचा होता असे म्हटले आहे. तांडा आला की ढोल वाजवून वर्दी द्यायची, अशी रीत होती. ढोल वाजला. मशिदीत चुळबुळ झाली. एक उठला, दोघे उठले, आणि बघता बघता सारी सभा बाहेर गेली. मागे किती उरले? बारा. त्यांत अबू बकर आणि उमर होते.

आता क्षणभर डोळ्यांपुढे आणा. समोर पैगंबर उभे. अर्ध्यावर आलेले बोलणे. रिकामी पडलेली मशीद आणि बारा माणसे.

आपल्याला हे चित्र समजायला अरबस्तानात जावे लागत नाही. काल्याचे कीर्तन चालू असते, बुवांचे निरूपण ऐन भरात असते, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला पंगतीच्या पत्रावळी पडू लागल्याचा आवाज येतो. मागच्या रांगा कशा विरळ होतात हे टाळकऱ्यांना विचारा. पण आपल्या मांडवातला माणूस बहुधा घरी न्याहारी करून आलेला असतो. मदिनेतला तो माणूस टंचाईतला होता. उशिरा गेलो तर पोरांच्या वाट्याचे धान्य संपेल, ही त्याची भीती खोटी नव्हती. ज्यांनी इ.स. १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आणि देहूच्या वाण्याच्या घरी त्याने केलेले हाल कथेत ऐकले आहेत, त्यांनी तरी या माणसांना चटकन नावे ठेवू नयेत.

सूरहच्या शेवटच्या आयतीत या प्रसंगाचा उल्लेख आहे. त्यांनी व्यापार किंवा करमणूक पाहिली आणि तिकडे धावत सुटले, तुला उभा सोडून. असा तिचा आशय. पैगंबरांना सांगायला सांगितले आहे की देवापाशी जे आहे ते करमणुकीहून आणि व्यापाराहून चांगले, आणि अन्न देणाऱ्यांत देवच उत्तम. बस्स. शाप नाही, शिक्षा नाही, पंक्तीतून उठवणे नाही. गेले त्यांचा धर्म बुडाला असेही म्हटलेले नाही. पण 'तुला उभा सोडून' यात जी बोच आहे ती शिक्षेपेक्षा खोल लागते. या एका शब्दावरून पुढच्या शास्त्र्यांनी खुतबा उभ्यानेच द्यावा असे ठरवले. कोणा अधिकाऱ्याला बसून खुतबा देताना पाहून काब इब्न उजरा हे सोबती भर मशिदीत संतापले होते आणि त्यांनी हीच आयत पुढे केली होती, अशी नोंद आहे.

भाषेच्या जाणकारांनी या आयतीत आणखी दोन गोष्टी दाखवल्या आहेत. पहिली अशी की आयतीत व्यापार आणि करमणूक असे दोन्ही शब्द आले, तरी धावले ते 'तिच्याकडे', आणि हे सर्वनाम व्याकरणाने व्यापाराकडे जाते. ढोल हे निमित्त होते. ओढ मालाची होती. दुसरी गोष्ट मला अधिक हलवून जाते. दोनच आयती आधी याच लोकांना उद्देशून, समोरासमोर, 'श्रद्धावंतांनो' अशी हाक आहे. ते उठून जातात तेव्हा मात्र वाक्यातला 'तुम्ही' नाहीसा होतो आणि त्यांचे 'ते' होतात. समोर आहे त्याच्याशी बोलता येते. जो निघून गेला त्याच्याविषयीच बोलावे लागते.

आता मधल्या दोन आयती पाहा. सगळी सूरह येथे उलगडते. नववी आयत सांगते: शुक्रवारच्या नमाजसाठी पुकारले गेले की देवाच्या स्मरणाकडे त्वरेने जा आणि खरेदी-विक्री सोडा. त्वरेने म्हणजे पळत नव्हे. नमाजला शांतपणे, डौलाने चालत यावे, धावत येऊ नये, असे पैगंबरांचे वेगळे सांगणे आहे. त्वरा मनाची. आणि दहावी आयत लगेच म्हणते: नमाज आटोपली की पृथ्वीवर पांगा, देवाची कृपा शोधा, आणि त्याचे पुष्कळ स्मरण करीत राहा.

म्हणजे या सूरहमध्ये पांगणे दोनदा येते. एक पांगणे आज्ञेचे, एक ठपक्याचे. अरबीत दोन्हींना शब्द वेगळे आहेत. पहिल्यात पसरण्याचा भाव आहे, दुसऱ्यात फुटून निघण्याचा. माणसे मात्र तीच, रस्ता तोच, बाजारही तोच. त्याच तांड्याकडे ते घटकाभराने गेले असते तर ते देवाची कृपा शोधायला गेले असे झाले असते. आधी गेले म्हणून ते पळून गेले असे झाले. बाजारात जाणे हे पाप नव्हे, हे या सूरहइतके स्वच्छ क्वचितच कोठे सांगितलेले असेल. तिने फक्त निरोप घेऊन जायला सांगितले आहे.

आणि ज्याला 'कृपा' म्हटले तो शब्द पाहा. मूळ शब्द 'फज्ल'. दहाव्या आयतीत जो शोधायचा आहे तो फज्ल म्हणजे रोजी, धंदा, पोटाची सोय, असे भाष्यकार सांगतात. पण हाच शब्द सूरहच्या चौथ्या आयतीतही येऊन गेला आहे, आणि तेथे तो कशाला लावला आहे? निरक्षर लोकांत त्यांच्यातलाच एक माणूस उभा राहावा, त्याने त्यांना वचने ऐकवावी, त्यांना शुद्ध करावे, ज्ञान द्यावे, याला तेथे देवाचा फज्ल म्हटले आहे. ज्ञान मिळाले तोही फज्ल आणि गोणीभर गहू मिळाला तोही फज्ल. एकच शब्द मशिदीच्या आतही आहे आणि बाहेरही. तेव्हा नमाज सोडून गव्हाकडे धावणाऱ्याची चूक काय झाली? गहू हवासा वाटला, ही नव्हे. गहू तांड्याकडून येतो असे त्याला वाटले. पाठीमागे जो उभा होता त्याच्या बोलण्याशी त्या गव्हाचा काही संबंध आहे, हे तो विसरला.

म्हणून इस्लामचा शुक्रवार हा शब्बाथ नाही. दिवसभर काम बंद ठेवण्याची आज्ञा नाही. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि त्याला थकवा शिवला नाही, असे कुरआनात दुसरीकडे म्हटले आहे. त्यामुळे विश्रांतीच्या दिवसाची कल्पनाच तेथे मुळाशी नाही. दुपारची चार रकातींची नमाज शुक्रवारी दोन रकातींची होते, तिच्याआधी दोन भागांत खुतबा, मध्ये इमाम क्षणभर खाली बसतो. एवढेच. म्हणून तर आपल्या पेठेतला तो फळवाला पाऊण तासात परत येतो. थोडाच वेळ मागितला आहे, पण मागितला आहे तो सगळाच्या सगळा.

शास्त्रकारांनी पुढे यावर काथ्याकूट केला, आणि तो वाचनीय आहे. अजान झाल्यावर कोणी सौदा केलाच तर तो सौदा टिकतो का? हनफी आणि शाफिई म्हणतात, करणाऱ्याला दोष लागेल, पण सौदा खरा. मालिकी आणि हंबली म्हणतात, सौदाच रद्द. जुम्याची नमाज व्हायला किमान माणसे किती? शाफिई आणि हंबली परंपरेत चाळीस. माळावर जमलेली असद यांची ती माणसे तेथे हिशेबात धरली जातात. मालिकी मतात बारा. हे बारा कोण ते आपल्या ध्यानी आले असेल. ढोल वाजल्यावर जे उठले नाहीत ते. सभा मोडली, पण बाकी राहिलेल्यांनी ती राखली, आणि त्यांची संख्या नियमच होऊन बसली.

आणखी एक सांगतो. पैगंबरांच्या काळी जुम्याची अजान एकच होती. ते व्यासपीठावर बसले की ती होई. तिसरे खलीफा उस्मान यांच्या काळापर्यंत मदिना वाढली, वस्ती दूरवर पसरली. तेव्हा त्यांनी आधीची एक पुकार वाढवली. ती कोठून द्यायची? जौरा नावाच्या ठिकाणाहून, आणि जौरा होते मदिनेच्या बाजारात. ढोल एकदा मशिदीपर्यंत ऐकू आला होता. आता अजान बाजाराच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

येथवर सूरहचा उत्तरार्ध झाला. पूर्वार्धाचे काय? औरंगाबादेत जन्मलेले भाष्यकार मौदूदी यांनी दाखवले आहे की दोन्ही भाग एका वेळचे नाहीत. तांड्याची घटना मदिनेतल्या सुरुवातीच्या काळातली. पहिल्या भागाची हकिकत सांगणारे अबू हुरैरा मात्र मदिनेला आले ते हिजरी सन ७ मध्ये, खैबरच्या लढाईच्या सुमारास. मग वेगवेगळ्या वेळचे हे दोन तुकडे एका सूरहमध्ये शेजारी शेजारी का बसले?

पहिल्या भागात एक दृष्टान्त आहे आणि तो चांगलाच झोंबणारा आहे. ज्यांना तौरात हा ग्रंथ दिला, त्याचे ओझे उचलायला सांगितले, पण ज्यांनी ते खऱ्या अर्थाने उचललेच नाही, ते ग्रंथ वाहणाऱ्या गाढवासारखे. दृष्टान्त त्या वेळच्या मदिनेतील ज्यू समाजाला उद्देशून होता. दोन्ही पक्षांत तेव्हा कडवट संघर्ष चालू होता आणि पुढच्या आयतींत, आम्हीच तेवढे देवाचे मित्र असे म्हणणाऱ्यांना, मग मरणाला का भिता, असे विचारले आहे. हे त्या काळच्या त्या वादातले बोलणे आहे. ते उचलून आजच्या कोणा समाजाला चिकटवणे, म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवरचे ओझे मोजत बसणे. मुस्लिम परंपरेतल्या जाणत्यांनी तो दृष्टान्त स्वतःकडे वळवला, हे अधिक महत्त्वाचे. 'मुसनद अहमद' या संग्रहात इब्न अब्बास यांच्याकडून आलेले एक कथन आहे: शुक्रवारी इमामाचा खुतबा चालू असताना जो बोलत बसतो, तो ग्रंथ वाहणाऱ्या गाढवासारखा. कथनाच्या परंपरेविषयी चिकित्सकांत मतभेद आहेत. पण पाहा, गाढव पूर्वार्धातून उठून उत्तरार्धात, थेट मशिदीच्या रांगेत येऊन बसले!

मला वाटते, दोन तुकडे शेजारी बसण्याचे मर्म येथे आहे. दोन्हीकडे ओझेच आहे. एकाच्या पाठीवर ग्रंथ, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे गोण्या. बाजाराकडे पळणारा तरी कशाकडे पळतो ते उघड दिसते. त्याला भूक आहे आणि ती त्याने लपवलेली नाही. ग्रंथ पाठीवर घेऊन जागच्या जागी उभा असणारा मात्र आपण कोठेच पळालो नाही या समाधानात असतो. तो सभेत आहे, ग्रंथही त्याच्यापाशी आहे, आणि तरी ग्रंथातले त्याला काही पोचलेले नाही. गाढवाला पाठीवर कागद आहेत की वीट आहे हे फक्त वजनाने कळते. माउली, या दोघांत अधिक दूर कोण गेला, हे मला विचाराल तर मी सभेत बसलेल्याचे नाव घेईन. सूरहनेही बाजारात गेलेल्याला पुन्हा अन्न देणाऱ्याची आठवण करून दिली आणि सोडले. दृष्टान्त मात्र त्याच्यासाठी राखून ठेवला ज्याच्याकडे ग्रंथ होता.

त्याच भागात आणखी एक आयत आहे, अद्याप येऊन न मिळालेल्या माणसांविषयी. हे कोण, असे सोबत्यांनी विचारले तेव्हा पैगंबरांनी जवळ बसलेल्या सलमान यांच्यावर हात ठेवला, असे बुखारीत आहे. सलमान इराणचे. आई-बापांचा धर्म सोडून गुरूच्या शोधात गावोगाव भटकले, फसवून गुलाम म्हणून विकले गेले आणि तसेच मदिनेला पोचले. श्रद्धा कृत्तिकांच्या नक्षत्रापाशी असती तरी याच्या लोकांतील कोणीतरी ती गाठली असती, असा पैगंबरांच्या म्हणण्याचा भाव. ज्याला ग्रंथ घरबसल्या मिळाला त्याच्याविषयी गाढवाचा दृष्टान्त, आणि जो ग्रंथासाठी विकला गेला त्याच्या खांद्यावर हात. हे दोन्ही एकाच पानावर आहे.

पण माझा सुरुवातीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. फळवाल्याचे ठीक आहे. गाडी त्याची, गोणपाट त्याचे. तो उठू शकतो. ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा नाही त्याने काय करावे? तांड्याच्या गोण्या उतरवणारा हमाल होता, त्याने हाक ऐकली नसेल का?

अबू दाऊद यांच्या संग्रहात याचे एक उत्तर आहे. जुमा सर्वांवर बंधनकारक, पण चौघांना सूट: गुलाम, स्त्री, मूल आणि आजारी. प्रवाशालाही सूट आहे. आजाऱ्याची आणि मुलाची सूट कळते. गुलामाची सूट वाचताना मात्र दोन भाव मनात येतात. एक, ज्याचे पाय मालकाच्या हुकमाने हलतात त्याला देव जाब विचारत नाही, हे मोठे करुणेचे आहे. दुसरा, ज्या समाजात देवाची हाक ऐकूनही माणसाला उठता येत नव्हते, त्या समाजाविषयी ही सूटच किती बोलून जाते! सूट गुलामाला आहे. त्याच्या मालकाला नाही. आयतीत 'खरेदी-विक्री सोडा' असे म्हटले आहे, 'राबणे सोडा' असे शब्द नाहीत. शास्त्रकारांनी पुढे सर्वच कामांना तो नियम लावला, तरी पहिला शब्द ज्याच्या हातात तराजू आहे त्याला उद्देशून आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर, कामावरच्या माणसाला त्या पाऊण तासासाठी सोडायचे की नाही हे ठरवणारा जो गल्ल्यावर बसलेला असतो, त्याच्यापर्यंत ही अजान आधी पोचते. गल्ल्यावर कोणत्या धर्माचा माणूस बसला आहे, याने त्यात फारसा फरक पडत नाही. एकादशीला गड्याला सुटी देताना कपाळाला आठ्या घालणारे आपल्यातही आहेतच.

पैगंबर जुम्याच्या नमाजमध्ये पुष्कळदा हीच सूरह म्हणत, आणि दुसऱ्या रकातीत तिच्या पुढची, दांभिकांवरची, ६३वी. म्हणजे ज्यांनी त्यांना उभे सोडले होते त्यांनीच, किंवा त्यांच्या शेजारी उभे असणाऱ्यांनी, आपली ती गोष्ट नमाजच्या रांगेत उभे राहून पुन्हा पुन्हा ऐकली. लाज लपवायला ती कोठल्या कपाटात ठेवली गेली नाही. पाठांतरात ठेवली गेली.

मदिनेत पुढच्या पिढीत इराक इब्न मालिक नावाचे एक सज्जन होऊन गेले. भाष्यकार इब्न कसीर यांनी त्यांची एक सवय नोंदवली आहे. जुम्याची नमाज आटोपली की ते गर्दीबरोबर बाहेर पडत, पण मशिदीच्या दारात थांबत आणि देवाला हिशेब देत: तुझ्या हाकेला आलो, तू नेमलेली नमाज केली, आता तू सांगितलेस तसा पांगायला निघालो आहे, तर तुझ्या फज्लमधले काही मला दे. एवढे बोलून ते पायरी उतरत आणि बाजाराकडे चालू लागत.